कार्बन स्टीलची चार पाती

एका रविवारी मटण वाढून घेताना मुलीने मला विचारलं, "बाबा, तुम्ही कधी स्वतः मारलंय का?" मी नळी चोखत होतो. म्हटलं, "मला काय करायचंय मारून? खाटीक आहे ना." त्या दिवशी तिने भात आणि वरणच खाल्लं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे प्रकरण वाढणार.

मुलगी तिशीची. इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतच जन्मली, शाळेत विज्ञान शिकवते, मराठी बोलताना तो-ती-ते चुकते. डोक्यात एकदा काही घेतलं की आमच्या घरात कुणाची टाप नाही तिला अडवायची. तिने ठरवलं, मांस खायचं तर एकदा तरी आपल्या हाताने जनावर मारायचं, आणि तेही त्याला कळायच्या आत. जमलं नाही तर मटण कायमचं बंद. कॉलेजपासून ती आर्चरी क्लबात जाते, त्यामुळे धनुष्यबाणच. बंदुकीने लांबून उडवणं म्हणजे पुन्हा दुकानातून आणल्यासारखंच, असं तिचं म्हणणं. आता या देशात धनुष्याने शिकार करायला कायद्याने बंदी आहे. म्हणून तिने हंगेरी शोधलं. तिथे परवानगी मिळते, सोबत वाटाड्या असतो. वर्षभर ती रोज संध्याकाळी वीस मीटरवरून बाण मारत होती.

"एवढी शिकवली, आणि ही निघाली हरणं मारायला," माझी बायको म्हणाली. मी गप्प बसलो, कारण तोवर मुलीने मला एक काम सांगितलं होतं.

बाणाच्या टोकाला जे पातं बसवतात त्याला ब्रॉडहेड म्हणतात. तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तीन प्रकारची पाती मांडली. पहिलं, लागल्यावर उघडणारं. ते तिने स्वतःच बाजूला सारलं. ऐन वेळी उघडलं नाही तर? दुसरं स्टेनलेसचं, पाकिटातून नवी ब्लेड काढायची आणि बसवायची. तिसरं कार्बन स्टीलचं, एकसंध, दोन्ही बाजूंनी धारेचं, पण धार आपली आपण लावायची. तिचा कल दुसऱ्याकडे होता.

माझं सगळं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं. आधी पिंपरीला, मग इथे. मशीनच्या कटरला धार लावणे हाच माझा धंदा. पाकिटातलं ब्लेड मी भिंगाखाली धरलं आणि नाक मुरडलं. "ही काय धार म्हणायची? बघ, नांगरल्यासारख्या रेघा आहेत."

"पण बाबा, ते केस कापतो. आणि तो रस्ट नाही होत."

"गंज? माझ्या हातातल्या हत्याराला आजवर कधी गंज चढलेला नाही."

हे मी असं छाती फुगवून म्हणालो, ते आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण खरं सांगायचं तर मी हरखून गेलो होतो. शाळेच्या गृहपाठानंतर या मुलीने माझ्याकडे काही मागितलंच नव्हतं. बँकेचं, डॉक्टरचं, कौन्सिलचं, सगळं आता तीच आम्हाला समजावून सांगते. पहिल्यांदाच तिला असं काहीतरी हवं होतं जे फक्त मला येत होतं. कार्बन स्टीलची चार पाती आली.

महिनाभर आम्ही दोघं गॅरेजमध्ये बसलो. आधी जाड दगड, मग बारीक दगड, शेवटी चामड्याचा पट्टा. मी तिला कोन धरायला शिकवलं, आणि तिने मला हे सगळं कशासाठी ते शिकवलं. पातं बोथट असेल तर आतल्या रक्तवाहिन्या बाजूला सरकतात, फाटतात, कापल्या जात नाहीत. धारदार असेल तर सरळ कापतं, रक्त भळाभळा जातं, आणि जनावर थोडं पळून खाली बसतं. शाळेत शिकवावं तशी ती शांतपणे सांगायची. शेवटी चारही पाती अशी झाली की ताणलेल्या रबरबँडला नुसती टेकवली तरी तो तुटायचा. तिने एकेक तपासलं, तेल लावून मेणकागदात गुंडाळलं आणि म्हणाली, "बाबा, आता हात नाही लावायचा."

तिचं विमान दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होतं.

खंडेनवमीला मी दरवर्षी माझी हत्यारं पुजतो. पिंपरीला आम्ही मशीनना झेंडूचे हार घालायचो; इथे मायक्रोमीटर आणि दोन जुने कटर देवापुढे ठेवतो. त्या दिवशी मेणकागदाची पुडी समोर दिसत होती. घरातलं एकमेव खरं शस्त्र, आणि तेच पूजेबाहेर?

"अहो, ती हात लावू नका म्हणालीय," बायको म्हणाली.

"पूजेला कुणी हात लावणं म्हणत नाही."

मनातून मी घाबरलो होतो. आपली पोर जीव घ्यायला निघालीय, ते काम तरी नीट होऊ दे, एवढंच मला देवाला सांगायचं होतं. देवापुढे तेलकट कशाला म्हणून मी पाती साबणाने धुतली. ओल्या बोटाने हळद लावली, कुंकू लावलं, पळीभर पाणी शिंपडलं, अक्षता वाहिल्या. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत ती तशीच राहिली. मग उत्तरपूजा करून ती जुन्या धोतराच्या तुकड्याने खसाखसा पुसली, तेल लावलं, पुन्हा गुंडाळली. टूलरूममध्ये माझ्या टेबलावरून एकही हत्यार तपासल्याशिवाय गेलं नव्हतं. त्या दिवशी कुंकवाचा डाग गेला एवढंच मी पाहिलं. सकाळी तिने, आपण तपासलेलीच आहेत म्हणून, तीन पाती तशीच घेतली आणि चौथं घरी ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत असताना फोन आला. "बाबा, तो पळाला," ती म्हणाली. शिंगांचा मोठा नर, अठरा मीटरवर होता. बाण हवा तिथेच लागला, निदान तिला तसं वाटलं. तो उडाला, थांबला, त्याने वळून तिच्याकडे बघितलं आणि झाडीत गेला. बाण सापडला, पण रक्त अगदी थोडं. मग पाऊस आला आणि तेही धुऊन गेलं. वाटाड्याचा कुत्रा ओढ्यापर्यंत गेला आणि तिथे घोटाळला. "माझा हात हलला असेल," ती म्हणत राहिली. "माझा चूक आहे."

मी तिची समजूत घातली. होतं असं, म्हटलं. फोन ठेवला, गॅरेजमध्ये गेलो, चौथं पातं काढलं आणि हातावरच्या केसांवर फिरवलं. एकही केस कापला गेला नाही, नुसते ओढले गेले. भिंगाखाली पाहिलं तर धारेवर टोकापासून बुडापर्यंत तपकिरी ठिपके होते, बारीक बारीक खड्डे पडलेले. स्टेनलेसला हे झालं नसतं. तिचंच ऐकलं असतं तर हे झालं नसतं.

पुढचे दोन दिवस मी काय केलं? फोनवर हंगेरीतलं हवामान बघितलं. तिकिटं बघितली, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जाऊन तरी काय करणार?" तिचं बरोबर होतं. वाटाड्याने शोध थांबवायला सांगितलं होतं, पण मुलगी ऐकत नव्हती. ओढ्याच्या दोन्ही काठांनी सकाळपासून चालत होती. आणि मी इथे, हीटिंग लावलेल्या घरात.

दुसऱ्या संध्याकाळी मला राहवलं नाही. तिला फोन करून सगळं सांगितलं. तुझा हात हलला नव्हता, धार गेली होती, मी घालवली. साबण, हळद, पाणी, न तपासता गुंडाळलं, सगळं. तिने ओरडावं म्हणून मी वाट बघत होतो. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"पूजा का केली, बाबा?"

"तुझं काम नीट व्हावं म्हणून."

फोनमधून वारा ऐकू येत होता. "मी रागावले नाही," ती म्हणाली. "पण मला एक सांगा. असा बोथट लागला तर मरायला किती दिवस लागतात?"

कुठली धार किती कामाला पुरेल, हे मी नुसत्या आवाजावरून सांगू शकतो. "माहीत नाही, बाळा," मी म्हणालो. "ठीक आहे," ती म्हणाली, "अजून थोडा उजेड आहे," आणि ती पुन्हा त्याला शोधायला गेली.