निळ्या टोपणाची ट्यूब

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी. शहापूरच्या एका लहान लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मशीन सांगतं ते खरं, बाकी सगळी बोलाफुलाला गाठ, हे माझं ठाम मत... होतं. म्हणून हे लिहायला दोन वर्षं लागली.

वडगावात हातमागावर साड्या विणणाऱ्या एक आक्का होत्या. हृदयात कृत्रिम व्हॉल्व्ह, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभराची. रक्त फार पातळ झालं तर आत रक्तस्राव, पुरेसं पातळ नसलं तर गुठळी. म्हणून महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी स्कूटरवरून जाऊन त्यांचं रक्त काढायची. शीर मेली सापडायची नाही. दोन-तीनदा टोचावं लागायचं.

"हाताची पार चाळण झाली गं पोरी," त्या म्हणायच्या. "दोन दिस मागावरचा धोटा धराय येत न्हाय. आन् रिपोर्ट दर खेपेला त्योच."

खरंच तोच यायचा. रक्त गोठायला किती वेळ लागतो, तो आकडा वर्षभर हलला नव्हता. मला दया आली आणि मीच त्यांच्या डॉक्टरांकडे शब्द टाकला. ते म्हणाले, "एवढं स्टेबल असेल तर तीन महिन्यांनी केलं तरी चालतं." चुकीचं काही बोलले नाहीत. हे सांगायला गेले तेव्हा आक्कांनी मला शिरा खायला घातला.

पुढच्या महिन्याचा पहिला मंगळवार. दुपारचे बारा वाजले असतील. सकाळपासून मी लॅबमधून हलले नव्हते. रॅकमध्ये निळ्या टोपणाची, म्हणजे याच तपासणीची, एक ट्यूब दिसली. लेबलवर आक्कांचं नाव, त्या दिवसाची तारीख — आणि अक्षर माझं. ट्यूब हाताला कोमट लागली.

सोबत फॉर्म नव्हता. तरी मशीनला लावली. रक्त गोठेचना... आकडाच येईना. आक्कांच्या घरी लावायला फोन उचलला, पण रक्त कुणी काढलं विचारलं तर काय सांगणार? वाटलं, माझ्याच हातून लेबलांचा घोळ झालाय आणि आता सगळ्यांना कळणार. आमच्याकडे नियम आहे — फॉर्म नसलेलं सॅम्पल टाकून द्यायचं. मी टाकून दिलं. लिहितानाही लाज वाटते.

तेरा-चौदा दिवसांनी त्यांचा मुलगा लॅबमध्ये आला. डोकं भादरलेलं.

"आई गेली. त्या मंगळवारनंतर दोन दिसांनी. डोक्यात रक्तस्राव झालता," तो म्हणाला. "गुडघं लई दुखत हुतं म्हणून मेडिकलातनं गोळ्या आणलत्या. पंधरा दिस खात हुती."

त्या गोळ्यांनी रक्त आणखी पातळ होतं. तपासणी कधी करायची ते आम्ही कॅलेंडर बघून ठरवलं. नवीन गोळी सुरू केलीत तर आधी मला फोन करा, एवढं एक वाक्य आक्कांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

तो थांबला होता.

"मंगळवारी तुम्ही रक्त घेऊन गेलतासा न्हवं? कोपरात पट्टी हुती. आई म्हणाली, पोरगी आलती, ह्या खेपेला सुई कळलीसुदीक न्हाय. त्याचा रिपोर्ट न्यायला आलोय, ताई."

त्या सकाळी मी लॅबमध्येच होते, कॅमेऱ्यात तसं दिसतं. वडगावात कोण गेलं, ट्यूब रॅकमध्ये कुणी ठेवली, याचा उलगडा मला आजही नाही. एवढंच कळतं की मशीन सांगतं ते खरं म्हणणारी मी, आणि मशीनने सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही.

त्याला मी म्हटलं, "फॉर्म नव्हता." तो बरं म्हणाला आणि गेला.