आईचा पिणारा मुलगा

मी दारू सोडली आणि आईने मला ओळखणं सोडलं. दोन्ही साधारण एकाच सुमाराला झालं. दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दोघे-तिघे हसले. मीही हसलो. दुसरं करणार काय?

आईला विसरण्याचा आजार आहे. डॉक्टर म्हणाले, जुनं राहील, नवं टिकणार नाही. आता माझं जुनं म्हणजे काय, तर आनंदनगरच्या कंपनीतून सुटल्यावर अंबरनाथ स्टेशनजवळचा बार, आणि मग कुणीतरी रिक्षात कोंबून खरवईला घरी पाठवलेला मी. नवं म्हणजे मी शुद्धीत आहे, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसलोय, रविवारी उल्हासनगरला क्लासला जातो, तिचा स्वयंपाक करतो, तिची वेणी घालतो. यातलं काही तिच्या डोक्यात शिरतच नाही.

दिवसा शेजारच्या काकू तिच्याजवळ बसतात. संध्याकाळी मी जिना नीट चढून यायचो, हाक मारायचो, तर आई दार अडवून उभी. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि म्हणायची, "कोण हवंय तुम्हाला? माझा मुलगा अजून आला नाही." सुरुवातीला मी समजवायचो, फोटो दाखवायचो. मग ती आणखीच घाबरायची, गोळ्या थुंकून टाकायची. परक्या माणसाच्या हातचं खात नाही म्हणायची. जिच्यासाठी सोडली, तिलाच मी परका. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. मला तिचा राग यायचा. आजारी बाईचा राग येतो याची लाज वाटायची, पण यायचा.

तोडगा चुकून सापडला. भूगोलाचा अभ्यास करून जागरण झालं होतं, त्यात दिवसभर काम. उंबऱ्याला पाय अडखळला आणि मी दारातच आडवा झालो. आई धावत आली. "मेल्या, आलास? किती ढोसलीस आज?" काखेत हात घालून तिने मला आत नेलं. त्या दिवशी माझ्या हातचा वरणभात खाल्ला, गोळ्या निमूट घेतल्या, आणि माझ्या कपाळावरून हात फिरवला. मला रडू फुटलं. दारुडे रडतातच, तिला त्याचं काही नवल वाटलं नाही.

मग मी रोज नाटक करू लागलो. जिन्यात आलो की खांदे सैल सोडायचे, जीभ जड करायची, भिंत धरत यायचं. सगळं तोंडपाठ होतं. भूगोल इतका पाठ असता तर बोर्डात आलो असतो! काकूंना मी खरं काय ते सांगून ठेवलं होतं. तरी एक दिवस त्या म्हणाल्या, "दादा, बिल्डिंगमधले बोलायला लागलेत. परत चालू झालं म्हणून." बोलू देत, म्हटलं. आई जेवतेय ना.

पण अंगाला नाटक कळत नाही. झोकांड्या खात आलो की घसा कोरडा पडायचा. आई माझ्यासमोर चिरलेला कांदा, शेंगदाणे आणि ग्लास आणून ठेवायची. पूर्वीही ठेवायची. पोराने गटारात पडण्यापेक्षा घरात बसून प्यावं, एवढंच तिच्या हातात होतं. मी ग्लासात पाणी ओतून प्यायचो. एकदा पाणी प्यायलो, तोंड वाकडं केलं, खाकरलो, अगदी पूर्वीसारखं. मग लक्षात आलं की आई तर स्वयंपाकघरात आहे. बघायला कुणीच नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कंपनीतून सुटलो आणि त्याच बारसमोर जाऊन उभा राहिलो. मनाने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. एक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. तोंडाला वास आला की आईला आणखी पटेल. म्हणजे हेही आईसाठीच! पिणाऱ्याचं डोकं या बाबतीत वकिलाच्या वर चालतं. मला माझीच भीती वाटली. मीटिंगमधल्या जुन्या काकांना तिथूनच फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"नाटक बंद कर," काका म्हणाले. "आजपासून."

"ती जेवणार नाही, काका."

"नाही जेवणार."

"ती मला ओळखणार नाही."

"नाही ओळखणार."

मला वाटलं होतं ते काहीतरी मार्ग सांगतील. मी रिक्षात बसलो.

जिना सरळ चढलो. आई दारातच होती. "कोण तुम्ही?"

"दवाखान्यातून आलोय, आजी. तुम्हाला जेवण द्यायला." स्वतःच्या आईला मी पहिल्यांदाच आजी म्हटलं.

तिने आत येऊ दिलं, पण ताटाला हात लावला नाही. "माझा मुलगा येऊ दे. त्याच्याबरोबर जेवीन."

"तो येणार नाही."

"का नाही येणार? कितीही प्यायला तरी घरी येतो तो."

मी काही ठरवून गेलो नव्हतो. नुसता थकलो होतो. "तुमचा मुलगा वारला, आजी," मी म्हणालो.

आई मटकन खाली बसली. रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच विचारलं, "जाताना प्यायलेला होता का हो?"

"नाही. अजिबात नाही. शुद्धीत होता."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला.

"मग तो दुसरा कुणीतरी असेल," आई म्हणाली, आणि दाराकडे तोंड करून वाट बघत बसली.