बोटीवर सापडलेली गोधडी

मी पाण्यातला माणूस आहे, असं आमच्या गावात सगळे म्हणतात. त्या पाण्यातल्या माणसाला, अंदमानच्या बंदरातून पुढच्या बेटाकडं बोट सुटून किनारा नजरेआड होतो न होतो तोच, भडाभडा ओकारी झाली. समोरच्या सीटवरच्या बाईनं नाकाला पदर लावला. तोंड पुसायला काहीतरी हवं म्हणून मी पायाशी ठेवलेली बॅग उघडली. दोन्ही बॅगा सारख्याच, काळ्या, डायव्हिंगच्या सामानानं फुगलेल्या. उघडली ती माझी नव्हती, माझ्या चुलतभावाची होती. तो वर डेकवर वारा खायला गेला होता.

टॉवेल शोधताना हाताला गोधडी लागली. नवी कोरी, घट्ट घडी घालून पायात घालायच्या रबरी पंखांभोवती गुंडाळलेली.

ही गोधडी बघून मी तोंड पुसायचंही का विसरलो, हे कळायला आधी आमच्या दोघांचं सांगायला हवं. भीमेच्या काठी, वडगाव रासाईला आमचं घर. मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत फायर सेफ्टीला आहे, पण गावाला माझा उपयोग वेगळाच. नदीत वाळू उपसून उपसून पडलेले खड्डे आहेत. वरून पाणी गुडघाभर वाटतं आणि पुढच्या पावलाला माणूस गायब होतो. मग आम्हाला फोन येतो. मी बुडी मारून आत जातो आणि भाऊ काठावर दोर धरतो. आत इतका गढूळ अंधार, की डोळे उघडे काय नि मिटलेले काय, सारखंच. हातानं चाचपत जायचं. सापडला माणूस, तर बहुतेक वेळा सापडतो तो देहच, पण घरच्यांना तेवढा तरी मिळतो.

दोर झाडाला बांधायचा नाही, माणसानंच धरायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. झाडाला आतून दिलेला हिसका कळत नाही. आणि दोर कुणी धरायचा हे पाण्यात उतरणाराच ठरवतो, सरपंच नाही की फौजदार नाही. एकदा आत मी मासेमारीच्या जुन्या जाळ्यात अडकलो. हात गुंतलेले, हिसका देता येईना. भावाला वर नुसतं कळलं, की दोर मुका झालाय. त्यानं हात सोलवटून घेतले, पण मला जाळ्यासकट बाहेर ओढला. तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या हातात मी दोर दिला नाही. तसा विचारही कधी मनात आला नाही.

पुढं गावच्या तरुण मंडळानं पुण्यातल्या एका माणसाचे वापरलेले दोन स्कूबा सेट मिळवले. मास्क, जाकीट, हवेच्या नळ्या, सूट, सगळं होतं. वापरायचं कसं, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. कंपनीत पाठीवर सिलिंडर बांधून गॅसमध्ये शिरणं वेगळं आणि पाण्यात शिरणं वेगळं. तेव्हा दोघांनी अंदमानला जाऊन रीतसर शिकायचं ठरलं. सिलिंडर तिकडं मिळणार होते, बाकी सगळं आपलं घेऊन जायचं. भावाचा उत्साह माझ्या दुप्पट होता. दौंड स्टेशनवर आम्हाला चेन्नईच्या गाडीत बसवायला निम्मी भावकी आली. चुलतीनं आम्हा दोघांना कुंकू लावलं आणि पदरात तोंड घालून रडली. बाईमाणूस चेन्नईपुढच्या विमानाला घाबरलंय, असं समजून मी हसलोसुद्धा.

आता गोधडीकडं येतो. आमच्या भावकीत कुणी कायमचं परगावी राहायला निघालं, की घराघरातून एकेक जुनं लुगडं मागून त्याला गोधडी शिवतात. माणूस जिथं जाईल तिथं त्याच्या अंगावर सगळ्या घरांची ऊब असावी म्हणून. आठ-पंधरा दिवसांच्या कामाला कुणी गोधडी देत नाही.

मी ती मांडीवर उलगडली. मधोमध चुलतीचं विटकरी लुगडं होतं. त्याला लागून सरपंचाच्या आईचं काळ्या ठिपक्यांचं. एका कोपऱ्यात माझ्या आईचं हिरवं, ज्याच्या काठाला मी लहानपणी नाक पुसलेलं. आणि त्याच्याच शेजारी जांभळं पातळ. हे माझ्या बायकोचं. मध्यंतरी ते कुठं गेलं म्हणून मी विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "बोहारणीला दिलं, पातेलं घेतलं." ते पातेलं मी आजवर बघितलेलं नाही.

एकेक ठिगळ बघत गेलो तसं एकेक घर कळत गेलं. आमच्या आळीतलं एकही घर सुटलेलं नव्हतं. नव्हतो तो फक्त मी. माझ्या घरात, माझ्या पाठीमागं बसून हे शिवलं होतं आणि मी ड्यूटीवरून आलो की उशाखाली सरकवलं होतं.

गोधडी तशीच उचलून मी डेकवर गेलो. तो कठड्याला टेकून उभा होता. माझ्या हातातलं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"कवा ठरलं?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात. हितल्या डायव्हिंग सेंटरवर काम हाय. सिलिंडर भरायची, बोटीवर जायाचं, शिकून झालं की पाण्यात उतरायचं. ऱ्हायची सोय बी हाय."

"आन् मला का न्हाई सांगितलं?"

"तू जाऊ दिलं नसतंस."

"मी कोण लेका तुला अडवणारा?"

"तू कशाला अडवतोयस. तू नुस्तं इचारलं असतंस, ‘मग दोर कोण धरंल?’ तेवढ्यावर माझा पाय निघाला नसता." मग समुद्राकडं बघत म्हणाला, "जलम काठावर उभं ऱ्हाण्यात चाललाय माझा. आत काय असतंय त्ये मला बी बघायचंय."

"आत काय नसतंय! आत अंधार असतोय!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, की सेल्फी काढणारं एक जोडपं लांब सरकलं. "आन् मग मला कशाला आणलंस? बॅगा उचलायला?"

तो खाली मान घालून म्हणाला, "आप्पा म्हणले, तू संगं असशील तरच जा."

आप्पा म्हणजे माझे चुलते, त्याचे वडील. म्हणजे माझा दोर धरणारा माणूस मीच आपल्या पायानं चालत जाऊन, बेटावर पोचवून यायचा होता. आणि त्यासाठी मला निरोपाचं कुंकूसुद्धा लागलं होतं. बकऱ्याला तरी हिरवा पाला दाखवतात.

बेटावर उतरल्या उतरल्या बायकोचा फोन. "पोचलं का त्येंचं सगळं नीट?" आधी त्याची चौकशी. मी म्हटलं, "जांभळ्या पातळासकट पोचलं." ती म्हणाली, "तुम्ही चिडला असता, म्हून..."

"मग आत्ता काय नाचतोय?" म्हणून मी फोन ठेवला.

शिकणं मात्र शिकलो. ते पाणी खोटं वाटावं इतकं स्वच्छ. तळावर पडलेली सावलीसुद्धा दिसायची. आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्याखाली डोळ्यांनी बघत होतो आणि पहिल्यांदाच भावाला पाण्याखाली बघत होतो. तो निळ्या माशांच्या मागं हात पसरून चालला होता आणि हसताना त्याच्या तोंडातून बुडबुडे उधळत होते. इतका खूश मी त्याला काठावर कधी बघितला नव्हता. मला तो आनंद बघवला नाही. मी तोंड फिरवून खडकाकडं बघत राहिलो.

निघताना त्यानं स्वतःचा सेट माझ्या हवाली केला. "गावाचा हाय, घिऊन जा," म्हणाला. मिठी मारायला पुढं आला, तर मी दोन्ही हातांत दोन बॅगा धरून उभा राहिलो.

घरी आलो तर सगळे माझ्याशी साखरेत घोळून बोलायला लागले. बायकोनं न मागता मटण केलं. आईनं विषयच काढला नाही. आप्पा चावडीवर दिसले की आधी हात वर करायचे. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण ज्याला त्याला वाटत होतं, की आपण एका पोराचं भलं केलं. आणि ते खरंही होतं, म्हणून तर मला कुणाशी भांडताही येईना.

दिवाळीनंतर बंधाऱ्याच्या वरच्या खड्ड्यात एकजण बुडाला. वीटभट्टीवरचा मजूर, बिहारकडचा, हातपाय धुवायला उतरलेला. मंडळानं नंतर घेतलेला, दौंडहून भरून ठेवलेला सिलिंडर पाठीला बांधून मी काठावर उभा राहिलो. समुद्रात दोर लागत नाही, पण आमच्या गढूळ पाण्यात नुसत्या हवेवर भागत नाही. वर परतीची वाट दाखवायला दोर लागतोच. कमरेला गाठ मारली आणि दुसरं टोक हातात घेऊन बघितलं, तर सगळं गाव उभं.

आप्पा पुढं झाले. म्हातारे असले तरी मनगट अजून लोखंडाचं. त्यांच्या मागून मंडळाचा अध्यक्ष आला. सरपंच म्हणाला, "कुणाला बी दे, आपलीच माणसं हायत समदी."

मी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. यातला प्रत्येकजण उन्हाळ्यापासून गोधडीचं पोटात ठेवून माझ्याशी रोज बोलत होता.

बुडालेल्याचा भाऊ बाजूला चिखलात बसला होता. परवाच भट्टीवर आलेला, रडून रडून डोळे सुजलेला. मी त्याच्यापाशी गेलो, त्याला उठवलं आणि दोर त्याच्या मुठीत दिला. "एक झटका, तो ढील देना. दो झटके, तो खींचना. और रस्सी चुप हो जाए, तो भी खींचना," मी सांगितलं. त्यानं दोर मनगटाला दोनदा गुंडाळला आणि मान हलवली.

"आरं, त्येला काय ठावं हाय?" आप्पा मागून ओरडले.

"कायच ठावं न्हाई," मी म्हणालो. "म्हणूनच त्येच्या हातात दिला." आणि तोंडात नळी धरून पाण्यात शिरलो.