साहेबांना दिलेली खुर्ची

नववीत शाळा सुटली आणि वाशीमकडून मी कोल्हापूरला आलो, कागलच्या एमआयडीसीत मशीनवर लागलो. काही दिवसांनी छातीत धडधड, हात कापणं सुरू झालं. राजारामपुरीतल्या समुपदेशक ताईंनी मला त्यांच्या बुधवारच्या गटात घेतलं. गोल बसायचं, मनातलं बोलायचं आणि इथलं बाहेर न्यायचं नाही. हात कापतात हे मी तिथेच पहिल्यांदा बोललो. कारखान्यात कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी गेटबाहेर असतो.

एका बुधवारी दार उघडलं आणि आमच्या शिफ्टचे साहेब आत आले. मी झटकन उठून माझी खुर्ची त्यांना दिली. तेही बसले!

गटातल्या गडहिंग्लजच्या मावशी म्हणाल्या, "आरं देवा, हितं उठाबशा काढायला येतोस व्हय रं?"

सगळे हसले. ताईंनी मला दुसरी खुर्ची दिली. त्या दिवशी मी "बरं आहे" एवढंच बोललो. साहेब आणि ताई, दोघं शिकलेली माणसं. ताई त्यांचंच ऐकणार, आपली ओळख ती किती, असं सारखं मनात येत होतं.

ताईंनी नंतर एकट्याला बोलावलं. म्हटलं, झालं, आता मलाच काढणार.

"ते असताना तुम्हाला बोलता येईल?"

"नियम तर सगळ्यांना सारखाच आहे ना, ताई?"

"आहे. पण बाहेर फुटलं तर तुमचं काय जाईल?"

"नोकरी."

"आणि त्यांचं?"

ताईंनी साहेबांना शनिवारच्या गटात पाठवलं. "गटात ओळखीचं कुणी आहे का, ही चौकशी आधी न करता घेतलं, चूक माझी, असं सांगितलंय त्यांना," म्हणाल्या. उपकार वाटले. तरी शंका होतीच: खरंच एवढंच सांगितलं असेल?

मंगळवारी साहेब माझ्या मशीनपाशी थांबले. परगावचा म्हणून ते मला पावणंच म्हणतात.

"काय पावणं, उद्या जाणार न्हवं?"

"कुठं, साहेब?"

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. "काय न्हाय," म्हणून पुढे गेले. दम दिला की विचारपूस केली, रात्रभर कळेना.

बुधवारी गेलो, पण दार दिसेल अशी खुर्ची धरली.

"बोल की रं," मावशी म्हणाल्या, "आज कुणी न्हाय उठवणारं."

काल ते बघत होते तेव्हाही हात कापत होते, हे मी सांगितलं. दारावरची नजर मात्र काढली नाही.