पाचव्या दिवसाची पिल्लं आणि इंदुताई

दोन हजार सहा साली यवतमाळात बाहेरून आलेला माणूस कापसाचीच चौकशी करायचा. लॉजवाला खोली दाखवायच्या आधीच विचारायचा, "कापसाचेच का?" अशा दिवसांत सुरभी नावाची मुलगी इथल्या एका कॉलेजात उंदरांच्या मेंदूवर पीएचडी करत होती. तिला कोणी फारसं विचारत नसे. चुकून विचारलंच तर ती सांगायची, "मेंदू तयार होताना कुठलं जनुक कधी जागं होतं, ते बघते. जन्माआधी आणि जन्मानंतर." लोक "बरं" म्हणायचे आणि पुन्हा कापसाकडे वळायचे.

तिचं सगळं ऐकून घेणारं माणूस एकच होतं, इंदुताई. ती कॉलेजच्या प्राणीघरात रोजंदारीवर होती. पिंजरे धुणं, दाणापाणी करणं आणि पांढऱ्या उंदरिणींची बाळंतपणं बघणं हे तिचं काम. त्याआधी वीस वर्षं ती लोहाऱ्याच्या पलीकडच्या एका गावात सुईण होती. गावची बाळंतपणं दवाखान्यात जायला लागली, तशी इंदुताई उंदरांकडे आली. तिला त्यात कमीपणा वाटला नाही. "बाई काय अन् उंदरीण काय, पोट खाली उतरलं का समजते," असं ती म्हणायची. सुईण असताना डॉक्टरीणबाईंची तारीख आणि इंदुताईची तारीख यांत फरक पडला, तर सासवा इंदुताईची तारीख धरून गाडी सांगून ठेवायच्या. आयुष्यात एकही दिवस मोजायला ती चुकली नव्हती, हा तिचा दागिना होता. दुसरा दागिना नव्हता.

उंदरिणींना घरट्यासाठी ती घरचा फरदडीचा कापूस आणायची. सगळी वेचणी संपल्यावर उभ्या पऱ्हाटीवर जो उरलासुरला येतो, तो फरदडीचा. बाजारात त्याला त्या वर्षी कोणी हुंगत नव्हतं. उंदरिणी मात्र तोंडात धरून पळायच्या.

सुरभीचं काम तसं समजायला सोपं होतं. लग्नघरात माणसं पहिल्यापासून तीच असतात, पण आचारी पहाटे उठतो, बँडवाला दुपारी, आणि नवरदेवाचा मामा जेवणाच्या वेळी. मेंदूच्या पेशींतही जनुकं तीच, पण प्रत्येकाची उठायची वेळ वेगळी. सुरभीचं एक जनुक पोटात असताना जवळजवळ झोपलेलं असायचं आणि जन्मानंतरच्या आठवड्यात भराभर जागं व्हायचं. ते किती जागं झालंय, हे ती तीन वेळा मोजायची. पोटातल्या अठराव्या दिवशी, जन्मानंतर पाचव्या आणि पंधराव्या दिवशी. जन्माचा दिवस पहिला धरायचा आणि पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता पिल्लं न्यायची. पिल्लं बेशुद्ध करायची, मेंदू काढायचा आणि लगेच गोठवायचा.

कुठली उंदरीण कधी व्याली, ते इंदुताई सांगायची. बाळंतीण उंदरिणीजवळ दुसऱ्या कोणाला ती फिरकू देत नसे. "परकं माणूस दिसलं तर पिल्लं खाऊन टाकते," असं ती सांगायची, आणि ते खरंही होतं.

दीड वर्षानं आलेख काढला, तर पाचव्या दिवसाचे, सहा उंदरिणींच्या पिल्लांचे सहा ठिपके एका जागी बसेनात. दोन खाली, चार बरेच वर. सुरभीनं चाचणी पुन्हा केली, पुन्हा केली, रसायनं बदलली. ठिपके हलले नाहीत. प्रबंध चार महिन्यांत द्यायचा होता.

तिचे मार्गदर्शक मोहिउद्दीन सर शांत माणूस. त्यांनी दुसऱ्या संशोधकांचे छापलेले आकडे समोर ठेवले. खालचे दोन ठिपके त्यांच्याशी जुळत होते. मग त्यांनी हजेरीपत्रक मागवलं. त्या दोन उंदरिणी व्यायल्या, तेव्हा इंदुताई आर्णीला भाच्याच्या लग्नात होती आणि मोजणी फुलचंदनं केली होती. फुलचंद म्हणजे प्राणीघराचा शिपाई. याला आज कोणता वार आहे हे विचारलं, तर तो आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घ्यायचा.

सरांनी इंदुताईला बोलावलं. फुलचंदही मागोमाग आला.

"इंदुताई, रागावू नका," सर म्हणाले. "उमर झाली की होतं असं. तुमची चार मोजण्यांत गडबड झाली आहे. फुलचंदच्या दोन्ही बरोबर निघाल्या."

"माह्या?" फुलचंद स्वतःच घाबरला. "सर, पुन्हा पाहा एकडाव."

सुरभी हळूच म्हणाली, "ती चारही टाकून द्यावी लागतील, मावशी. किती दिवसांची होती तेच माहीत नाही, तर ठेवून काय करू?"

"काहून माहीत नाई?" इंदुताई म्हणाली. "सहा दिवसांची होती. चारी."

"पण तुम्ही पाच सांगितले!"

"खोटं सांगतलं. मोजले बरोबर." तिनं पदर खोचला. "व्याली का मी एक दिवस थांबून तुले सांगो, आज व्याली म्हणून. पंधराव्या दिवसाच्यात नाई, त्याइची पाचवी तं होऊनच जाते."

"कायले पण?" फुलचंदनं विचारलं.

"तुले काय समजते रे, येड्या! पाचवीच्या राती सटवाई येते, लेकराच्या कपाळावर लिहते. अन् हे पोरगी त्याच दिवशी सकाळी धा वाजता पिल्लं मांगे. कोरं कपाळ घेऊन कसं जाऊ देऊ मी? इतकी बाळंतपणं केली, एकाची पाचवी चुकू देली नाई."

"आणि पोटातली पिल्लं?" सरांना राहवलं नाही.

"जे आलंच नाई, त्याची पाचवी कुठून येईन?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. रोजंदारीच्या बाईनं नोंद खोटी दिली, तर काय करायचं याचा नियम होता. तो साधा होता आणि इंदुताईलाही माहीत होता. सुरभी मात्र वहीत चार ठिकाणी पाचाचा सहा करत होती. "सर, सहावा दिवस बरोबर बसतो," ती म्हणाली. "टाकायला नकोत. पण पाचव्याच्या आणखी चार लागतील. मावशीच लागतील त्यासाठी. फुलचंद दर वेळी बरोबर येणार नाही."

"येनार नाई, सर," फुलचंद मनापासून म्हणाला.

सर म्हणाले, "इंदुताईंना विचारा."

इंदुताईनं मान हलवली. "पाचवीच्या आधी नाई देत. काढून टाका पायजे तर."

मग सुरभी तिच्याजवळ स्टुलावर बसली आणि दीड वर्षात न सांगितलेली एक गोष्ट तिनं सांगितली. उंदराची सगळीच घाई असते. आपल्या पोराच्या मेंदूला जे व्हायला महिने लागतात, ते उंदराच्या पिल्लाचं काही दिवसांत उरकतं.

इंदुताईनं बोटांवर दिवस मोजले. "मंग सटवाई उंदराच्या पिल्लासाठी पाचव्या रातीपर्यंत कायले थांबन?" ती शेवटी म्हणाली. "तिले समजत नसन का? तिसऱ्या-चौथ्या रातीच येऊन जात असन. हे आधी सांगाले काय झालं होतं तुले?"

त्यानंतर चार उंदरिणी व्यायल्या. इंदुताईनं व्याल्या दिवशीच सांगितलं. चौथ्या दिवशी घरी जाताना तिनं पिंजऱ्याच्या झाकणावर हळदीकुंकू, कोरा कागद आणि सुरभीचं पेन ठेवलं. प्राणीघराच्या नियमात हे कुठे बसत नव्हतं. सरांनी त्या आठवड्यात प्राणीघरात पाऊल ठेवलं नाही. पाचव्या दिवशी दहाला इंदुताईनं स्वतःच्या हातानं पिल्लं दिली आणि पाठ फिरवून पिंजरे धुवायला लागली. चारही ठिपके खालच्या दोघांजवळ येऊन बसले.

प्रबंधाच्या सुरुवातीला सुरभीनं इंदुताईचे आभार मानले, ते तिला मराठीत वाचून दाखवले. इंदुताईनं मान तिरपी करून ऐकलं.

"मी खोटं बोलली, हे लिहलं का त्यात?"

"नाही हो, मावशी. ते कशाला लिहू?"

"लिही. सहावा दिवस मधातच कुठून आला, हे कोनी इचारीनच. नाई लिहलं, तर त्याले वाटन का बाईले मोजताच येत नव्हतं."