बर्फावरचा भंडारा

मी त्या डोंगरावर देव टाकायला गेलो होतो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला मोठा भक्त समजू नये. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यापुढचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. गोड लिहिता येत नाही. झालं तसं लिहितो.

माझी बायको भागा ऑकलंडच्या दवाखान्यात वारली. मुलगा संतोष इथं फार्मासिस्ट, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात त्याचं मोठं घर, म्हणून आम्ही दोघं म्हातारपणी इकडं आलो होतो. मेंढरं इकडंही रग्गड, पण त्यांच्यामागं माणूस दिसत नाही. भागाला ते बघवायचं नाही. "ह्यांना हाक मारणारं कुणीच नाही का हो?" म्हणायची. रोज सकाळी ती खंडोबाच्या टाकापुढं बसायची. आधी स्वतःला भंडारा लावायची, मग मला, आणि संतोष कामाला पळत असला तरी त्याला गाडीच्या दारात गाठून त्याच्या कपाळाला हळदीचं बोट टेकवायची. तो वैतागायचा, आरशात बघून पुसायचा. ती आजारी पडल्यावर मी मल्हारीला नवस बोललो. आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, ते मागितलं. शेवटी तिची वाचा बसली. तेव्हाही ती बोट कपाळाकडं न्यायची आणि मी भंडारा लावायचो. काही झालं नाही. बटण दाबून तिला जाळली. मला धूरसुद्धा दिसला नाही.

मग मी टाक कपाटात पालथा घालून ठेवला. राहिली ती तिची भंडाऱ्याची पत्र्याची डबी. देवच नको तर त्याची हळद घरात कशाला? पण टाकायची कुठं? भंडाऱ्यावर पाय पडू द्यायचा नाही, ही आमच्यातली रीत. कचऱ्यात टाकवेना, मोरीत सोडवेना. समुद्राच्या काठाला जावं तर तिथं सगळे जांडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत फिरतात. देवावर राग होता, पण रीत काही हातातून सुटत नव्हती. ती डबी मी उशाशी घेऊन झोपत होतो आणि रोज तिला शिव्या घालत होतो.

संतोष दर हिवाळ्यात रुआपेहू डोंगराच्या बर्फात जातो. स्कीच्या तळाला कातडं चिकटवून डोंगर चढायचा, वरच्या झोपडीत राहायचं, मग घसरत उतरायचं, असला त्याचा नाद. त्या वर्षी म्हणाला, "आबा, तुम्हीही चला. घरात बसून वाळत चाललाय."

"मी बर्फात? मेंढरू समजलास का मला?"

"मेंढरू निदान ऐकतं तरी, आबा."

मी हो म्हणालो. त्याला वाटलं, म्हातारा जरा माणसात आला. माझ्या डोक्यात एकच होतं, की तिथं कुणाचा पाय पडत नसेल.

बर्फात रुतू नये म्हणून त्यानं माझ्या पायाला जाळीच्या रुंद चपला बांधल्या. डबी मी आतल्या खिशात, छातीशी ठेवली. त्याला सांगितलं नाही. सकाळी ऊन होतं, खांब रोवलेल्या वाटेनं आम्ही बरंच चढलो. झोपडीसाठी खांबांची वाट सोडून बाजूला वळायचं होतं. वळलो आणि खालून ढग चढला. अंधार झाला असता तर एवढं वाटलं नसतं. पण सगळं पांढरं झालं. वर पांढरं, खाली पांढरं. पाय टेकतोय तो चढ आहे का उतार, हे टेकल्यावरच कळायचं. थंडीनं फोननं मान टाकली आणि त्यातला नकाशाही गेला.

संतोषनं दोघांच्या कमरेला एक दोर बांधला आणि होकायंत्र माझ्या हातात दिलं. पांढऱ्यात पुढच्या माणसाला सरळ जाता येत नाही, तो नकळत वळत जातो. म्हणून मागच्यानं सुई बघून त्याला डावं-उजवं सांगायचं असतं. "छातीशी धरा, आबा. ही लाल सुई ह्या चौकटीत ठेवायची. मी बाणाच्या रेषेतून सरकलो की ओरडायचं."

"तुझ्यावर ओरडायला मला सुई कशाला लागते?"

तो हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसला. मी सुईवर डोळे रोवून चालत राहिलो आणि तो वळला की "डावीकडं हो, उजवीकडं हो" ओरडत राहिलो. झोपडी यायला हवी होती, आली नाही. अजून चाललो, तरी आली नाही. संतोषचा आवाज बारीक झाला. "थोडंसंच राहिलं, आबा," म्हणाला. लहानपणी खोटं बोलताना असाच बोलायचा. वारा पाठीवर आदळत होता. दोराच्या त्या टोकाला माझं पोर नुसतं सावलीसारखं दिसत होतं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, तिला नेलंस, आता ह्यालाही नेतोस? मग घे तुझं तुला. मी डबी काढली, झाकण उपटलं आणि होता नव्हता तो सगळा भंडारा पुढं उधळला. तोंडात शिवी आली होती. पण ज्या हातानं जन्मभर भंडारा उधळला, तो हात वर गेला की तोंडातून दुसरं काही निघतच नाही. शिवीच्या जागी "येळकोट येळकोट जय मल्हार" निघालं, तेही गळा फाटेस्तोवर.

संतोष स्की पुढं सरकवत होता. ती आरोळी ऐकून तो थांबला आणि त्यानं मागं मान वळवली. वाऱ्यानं हळद त्याच्या पाठीवर, त्याच्या दोन्ही बाजूंना, त्याच्या पुढं नेली. त्याच्या पायाशी बर्फ पिवळा झाला. स्कीच्या टोकापर्यंत पिवळा झाला. त्याच्या पुढं काहीच पिवळं झालं नाही. हळद गेली ती खाली टेकलीच नाही.

"आबा," तो हळू म्हणाला, "हलू नका. पुढं जमीन नाही."

पण मी हललो. पुढं झालो, दोर मुठीला गुंडाळला आणि त्याला मागं ओढला. ज्याच्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून एवढ्या लांब आलो होतो, त्याच भंडाऱ्यात दोन्ही पाय रोवून मी माझं पोर ओढलं.

आमच्याच पावलांच्या खुणा धरून आम्ही मागं आलो. ढग जरा फाटला तेव्हा झोपडीचं छप्पर दिसलं, अगदी दुसऱ्याच बाजूला. आत एक पांढऱ्या केसांची बाई होती. "किया ओरा" असा इथला नमस्कार केला, काही न विचारता चहा दिला, माझी बोटं स्वतःच्या हातात धरून चोळली. संतोषच्या पाठीवरचं पिवळं बघून तिनं विचारलं, करीचं आहे का? तो म्हणाला, नाही, आमच्या देवाचं आहे. तिनं मान हलवली. मग त्यानं होकायंत्र टेबलावर ठेवलं, म्हणाला, हे बिघडलंय. त्याच्याशेजारी मी रिकामी डबी ठेवली होती. बाईनं नुसत्या बोटानं ती डबी लांब सरकवली. सुई फिरली आणि स्थिर झाली. डबी जवळ आणली, सुई पुन्हा वळली.

"पत्रा," संतोष म्हणाला.

म्हणजे भागाच्या डबीनंच आम्हाला कड्यावर नेलं आणि डबीतल्या भंडाऱ्यानंच अडवलं. कुणी म्हणेल देवाची लीला. मी म्हणत नाही. मला मल्हारीला एवढंच विचारायचं होतं, की त्या कड्यावर तुला येता आलं, मग दवाखान्याला तर लिफ्ट होती. घरी आल्यावर टाक कपाटातून काढून सुलटा केला आणि त्याच्या तोंडावर हे विचारलं. अजूनही विचारतो. राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण पोर परत दिलंस, हे नाकारू कसं? मग तसाच, रागासकट, डोकं टेकवतो. माझ्याकडं द्यायला दुसरं काही उरलेलं नाही.

डबी तीच आहे. दुकानातून हळद आणून भरली. सकाळी संतोष निघाला की मी गाडीपाशी जातो. तो आता पळत नाही. काच खाली करतो आणि कपाळ बाहेर काढतो.