टाचेची वजरी आणि माझे गाल

चोवीस वर्षं सैन्यात आणि पुढची बारा मलकापूरजवळच्या आमच्या उसात काढल्यावर माझं तोंड दोन रंगांचं झालं होतं. टोपीखालचं कपाळ गोरं, त्याखाली सगळं करपलेलं, डागाळलेलं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण मागच्या उन्हाळ्यात सहा वर्षांची नात गळ्यात पडली, गालाला गाल लावला आणि झटकन मागं सरली.

"आजोबा, तुमचा गाल टोचतोय. दाढी केलीय ना?"

दाढी केली होती. टोचत होती ती कातडी.

दुसऱ्या दिवशी न्हाणीत बायकोची टाचा घासायची वजरी दिसली. हिच्या टाचा मऊ होतात, तर माझे गाल का होणार नाहीत? कपड्याचा साबण लावला आणि जोर लावून घासलं. आग व्हायला लागली तेव्हा वाटलं, गुण येतोय.

बाहेर आलो, तर बायको ज्वारी निवडत होती.

"आवं, गांधीलमाश्या चावल्या का काय?"

मी खरं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. स्वतःच्याच, कारण माझ्या तोंडावर हात लावण्याजोगी जागा नव्हती.

तिनं मला कराडला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या.

"काका, किती वेळ घासलंत?"

"गुळगुळीत होईस्तोवर घासायचं ठरवलं होतं. पण आधी रक्त आलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "उन्हानं चाळीस वर्षांत केलेलं तुम्ही एका आंघोळीत काढायला निघालात?"

मग त्यांनी सांगितलं : जखम भरेपर्यंत नुसतं मलम. त्यानंतर आठवड्यातून एकदा मेलेली कातडी सैल करणारं सौम्य औषध, तेही घासायचं नाही. उन्हात जाण्याआधी रोज सनस्क्रीन. "आणि धीर धरा. चार-पाच महिने तरी."

सीमेवर बर्फात रात्र रात्र उभा राहिलोय मी, पण आरशासमोर धीर धरणं त्याहून अवघड. तिसऱ्याच दिवशी मी बायकोला विचारलं, "फरक दिसतोय का?"

"व्हय. आरसा झिजलाय."

जखम भरल्यावर सनस्क्रीन सुरू झालं. मी ते भिंतीला चुना द्यावा तसं लावलं आणि धार काढायला गोठ्यात गेलो. म्हशीनं माझ्याकडं बघितलं, फुरफुरली आणि बादलीला लाथ घातली. हाका मारल्या, पाठ थोपटली, पण पान्हा सोडेना. शेवटी बायकोनं धार काढली. चार दिवसांनी म्हैस रुळली.

"तिला सवय झाली," बायको म्हणाली. "मला न्हाई झाली अजून."

दिवाळीनंतर दाखवायला गेलो. डाग फिकट झाले होते. काही राहतील, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. पण हात फिरवला तर कातडी खरंच मऊ लागत होती. तेवढ्यात बायको हळूच म्हणाली, "बाई, माझ्या गालावरचे डाग पण जरा बगता का?"

आता सकाळी आम्ही दोघंही ओट्यावर पांढऱ्या तोंडानं चहा पितो. दूध न्यायला येणारी शेजारीण पहिल्या दिवशी दारातूनच माघारी पळाली होती. परवा येऊन तिनं ट्यूबचं नाव लिहून नेलं.